पंचायतीची पारडी

गावाचं नाव लिहीत नाही. भिवंडीहून ठाण्याकडे निघालं की मानकोलीच्या आसपास भातशेतीची जी गावं होती आणि जिथे आता पत्र्याची गोदामं आहेत, त्यांतलं एक. एवढं पुरे. मी तिथला पोस्टमास्तर होतो. पोस्ट म्हणजे पंचायतीने दिलेली एक खोली, एक टेबल, एक शिक्का आणि एक खिडकी. उजव्या हाताला पंचायतीचं कार्यालय होतं. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे मासिक सभेचं कामकाज मला सदस्यांपेक्षा जास्त माहीत असायचं. सदस्य कधीकधी गैरहजर असत. मागच्या खिडकीतून कोंडवाडा दिसायचा. पत्रं थोडी यायची, वाचायला वेळ पुष्कळ मिळायचा. त्या खोलीत मी बरीच पुस्तकं संपवली. राजे, दरबार, फर्मानं यांविषयी वाचून डोकं वर काढलं की भिंतीपलीकडून आमच्या सरपंचांचा आवाज येई, आणि पुस्तकात आणि बाहेर फारसा फरक नसे.

नव्वद सालानंतर गोदामवाले येऊ लागले. आमचे सरपंच तोवर ‘नाना’ होते. रस्त्यालगतचं पहिलं शेत विकल्यावर ते ‘शेठ’ झाले. पांढरे बूट घालू लागले. गावाचं शहर करायचं त्यांच्या मनाने घेतलं. शहर म्हणजे रस्ते, गटारं, दिवे असं माझ्यासारख्याला वाटायचं. सरपंचांच्या मते शहराची पहिली खूण म्हणजे रस्त्यात जनावर नसणं. ट्रकवाले तक्रार करत होते, गोदामवाले नाक मुरडत होते. तेव्हा भिवंडी कोर्टातल्या एका वकिलाकडून जनावरं पाळण्याचे नियम करवून आणले गेले. वकिलाने ते कुठल्या तरी जुन्या शहराच्या जुन्या पुस्तकातून उतरवले असावेत. त्यात उंटांविषयी एक कलम होतं. आमच्या गावाने उंट पाहिलेला नव्हता.

सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवल्यावर सरपंचांनी माइकवर ते वाचून दाखवले.

“कुत्रा पाळणाऱ्याने कुत्र्यासह पंचायतीत समक्ष हजर राहून बिल्ला घ्यावा.”

“सही पन कुत्र्याचीच घेनार काय, नाना?” मागून कोणीतरी ओरडलं. शेठ म्हणायचं अजून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं.

“शेळीने दुसऱ्याच्या भिंतीवर पुढचे दोन पाय ठेवल्यास अर्धा दंड, चारही पाय ठेवल्यास पूर्ण.”

एक म्हातारी उभी राहिली. “आनि तीन ठेवले तर?”

सरपंचांनी कागद उलटून पाहिला. “ते सभेत ठरवू,” ते म्हणाले.

लोक पोट धरून हसले. मीही हसलो. बदकांना घोळक्याने रस्ता ओलांडायची बंदी होती, उजाडायच्या आत आरवणाऱ्या कोंबड्याला झाकून ठेवायची सक्ती होती. बिल्ल्यांची तर वेगळीच गंमत झाली. सरपंचांच्या पुतण्याचे नारपोलीला यंत्रमाग होते. त्याने खर्च वाचवायला बंद पडलेल्या लूमवरच्या पितळी नंबरपट्ट्याच आणून दिल्या. त्यामुळे पुढे बरेच दिवस आमच्या गावात लूम नंबर अठरा उकिरडे हुंगत फिरायचा आणि लूम नंबर चार ट्रकच्या मागे धावायचा.

शेवटाकडे एक कलम होतं: कोंडवाड्यात जनावर व्याल्यास होणारं पिल्लू पंचायतीच्या मालकीचं राहील. त्यावर कोणी हसलं नाही, कारण तोवर लाडू वाटायला सुरुवात झाली होती.

गावात एक विधवा बाई होती. वय पस्तिशीच्या आतबाहेर. नवरा खाडीत रेती काढताना गेला होता. तिच्याजवळ एक म्हैस होती आणि सासऱ्याने वाटणीत दिलेली अर्धी पडवी. जमीन दिराकडे होती. म्हशीच्या दुधावर तिचं घर चालायचं. सरपंचांच्या घरी, शाळेतल्या बाईंकडे आणि आमच्याकडेही दूध तिचंच. आमच्याकडे म्हणजे गावाच्या दक्षिणेला, बौद्धवाड्यात. ती आमच्या ओट्यापर्यंत यायची, दूध वरून भांड्यात ओतायची आणि आईशी गप्पा मारत उभी राहायची. आत यायची नाही. आईही ये म्हणायची नाही. दोघींचं छान जमायचं.

तेव्हा म्हैस गाभण होती, आटली होती. बाईने कसेबसे दिवस काढले होते. पारडी झाली तर पुढे दोन म्हशी होतील, असं ती आईला सांगायची. आमच्याकडे म्हशीच्या पिल्लाला पारडू म्हणतात, मादी असली तर पारडी.

भात कापून झालं की गुरं मोकळी सोडायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मळणी झाली की बांध संपले. ज्याचं शेत त्याचं, पण गवत सगळ्यांचं. पहिल्या पावसापर्यंत गुराखी लागत नाही. सकाळी दावं सोडायचं, संध्याकाळी जनावर आपलं आपण घरी येतं. नियम झाले तरी गावातल्या कुणालाच हे नियमाविरुद्ध वाटलं नाही. रस्त्यावर सोडायचं नाही म्हणे. बरं, आपण तर शेतात सोडतो. शेत विकलं गेलं म्हणजे ते शेत राहिलं नाही, हे माणसांच्याही नीट ध्यानात आलेलं नव्हतं. म्हशीकडून ती अपेक्षा करणं जास्तच होतं. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं तशी ती दरवर्षीप्रमाणे खालच्या शेताकडे गेली. तिथे यंदा गोदामाचा पाया घालत होते आणि बांधकामाला पाणी साठवायला मोठा हौद खणला होता. म्हैस त्यात जाऊन बसली.

पंचायतीच्या शिपायाने तिला कोंडवाड्यात आणलं तो शनिवार होता. शिपाई पन्नाशीचा, भिडस्त माणूस. बाई तासाभरात दंडाचे पैसे घेऊन हजर.

“भाऊ, म्हस सोड,” ती शिपायाला म्हणाली. “दिवस भरलेत तिचे.”

“सही पायजे, वैनी. शेठ ठान्याला गेलेत. उंद्या रविवार. सोमवारी ये.”

“आरे, ती सोमवारपर्यंत थांबनार हाय काय?”

“तिला सांग ना थांबायला,” शिपाई कसनुसा हसला. विनोद त्यालाच आवडला नाही. त्याने आपल्या घरून पेंढा आणून टाकला.

म्हैस रविवारी सकाळी व्याली. पारडी झाली. सोमवारी मी पोस्ट उघडलं तेव्हा खिडकीतून दिसली ती काळी, चकचकीत, गुडघ्यात लटपटणारी, आईच्या पोटाखाली तोंड खुपसून उभी. बाई भिंतीला टेकून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मी शिक्का मारायचं थांबवून क्षणभर तिलाच पाहत राहिलो.

सरपंच आले, दंड घेतला, सही केली. म्हशीची.

“आनि पारडी?” बाईने विचारलं.

भिंतीपलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. सरपंचांनी कलम वाचलं. माइक नसतानाही ते माइकवरच्या आवाजात वाचत.

“शेठ, आसा कुठं कायदा आसतो? म्हस माजी, पोर तिचा.”

“वैनी, कायदा काय तुजा-माजा बघतो? उंद्या सगली आपली गाभन जनावरं हितंच आनून बांधतील, फुकटच्या पेंढ्यावर.”

“पेंढा तर शिपायाच्या घरचा होता.”

“तो पंचायतीचाच शिपाई ना?”

सरपंच दुष्ट नव्हते, हे लिहायला हवं. त्यांना पारडी घरी न्यायची नव्हती. त्यांना पंचायतीची मालमत्ता हवी होती. तोवर पंचायतीच्या मालकीचं म्हणजे एक पंप, दोन खुर्च्या आणि एक सतरंजी. आता एक पारडी. तिचा जाहीर लिलाव करायचा, बाईने हवं तर बोली लावायची. पण लिलावाला सभेचा ठराव लागतो आणि सभा महिनाअखेरीस होती.

म्हैस कोंडवाड्यात ठेवली तर रोजचा दंड वाढणार. म्हणून बाईने म्हैस घरी नेली. नेली म्हणजे दिराने पुढून ओढली आणि तिने मागून ढकलली. म्हैस दर चार पावलांवर उभी राहून मागे वळून ओरडायची. पारडी फाटकाच्या फळ्यांतून तोंड काढून उत्तर द्यायची. पोस्टात मनिऑर्डर घ्यायला आलेली माणसं रांग सोडून खिडकीशी आली.

मग जे सुरू झालं ते पुस्तकात वाचलं असतं तर लेखकाने अती केलं असं मी म्हणालो असतो. पारडीला दूध हवं होतं. सरपंचांनी उदारपणे हुकूम दिला, की पंचायतीच्या खर्चाने दूध विकत घेऊन तिला पाजावं. शिपाई कळशी घेऊन बाईकडे गेला. बाई आचळाला बसली, पण म्हैस पान्हा सोडेना. म्हशीला पिल्लू लागतं. त्याने पोटाखाली दोन ढुशा दिल्या, अंग हुंगू दिलं, की मग दूध उतरतं. पिल्लू कोंडवाड्यात. म्हणजे पारडी नाही म्हणून दूध नाही, आणि दूध नाही म्हणून पारडी उपाशी. मध्ये अंतर हाकेचं.

दोन दिवस शिपायानेच वाट काढली. सरपंच मोटरसायकलवरून गेले की तो दारात येऊन खाकरायचा. बाई म्हैस घेऊन समोरच्या चिंचेखाली उभीच असे. फाटक उघडायचं, पारडी धावत सुटायची, तिच्या तोंडाला फेस यायचा. मग बाई उरलेलं दूध काढून घ्यायची. आमच्याकडेही त्या दोन दिवसांत दूध आलं. तिसऱ्या दिवशी सरपंच पांढरे बूट बदलायला परत आले आणि फाटकात हे त्यांना दिसलं.

“ही पंचायतीची मालमत्ता हाय!” ते ओरडले. “आनि म्हस परत मोकली? ऑफिससमोर?”

“मोकली कुठं, दावं माज्या हातात हाय.”

“पाहुने येनारेत सोमवारी, गोदामवाले. त्यांनी हे बघायचं?”

फाटकाला कुलूप लागलं. किल्ली सरपंचांच्या खिशात गेली. शिपाई चहाच्या टपरीवरचं दूध आणून बाटलीने पाजू लागला. टपरीवरचं दूध कसलं, हे टपरीवाल्यालाही ठाऊक होतं. पारडीला हगवण लागली. मी खिडकीतून पाहत होतो. ती रोज थोडी अधिक सपाट होत होती. मी सरपंचांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, “पोस्टमास्तर, तुमी केंद्र सरकार. हे स्थानिक हाय.” गोदामवाले आले तेव्हा त्यांना कोंडवाडाही दाखवला गेला. एकाने रुमाल नाकाला लावून “व्हेरी गुड” म्हटलं.

पारडी दुसऱ्या दिवशी दुपारी मेली. शिपायाने तिच्याखाली टाकलेल्या एका गोणपाटावर.

त्या संध्याकाळी बाई आमच्या ओट्यावर आली. भांडं आणलं नव्हतं. वडील खाटेवर बसले होते. ते नारपोलीला लूमवर आयुष्य घालवून घरी बसले होते, कानांनी कमी ऐकायचे, त्यामुळे त्यांच्याशी सगळे मोठ्याने बोलत. बाई हळू बोलली, आणि तरी त्यांना ऐकू आलं.

“दादा, म्हस दूध देत न्हाय.”

“समजलं मला.”

“पारडी मेली. मेलेल्या जनावरांचा ठेका भिवंडीच्या मानसाला दिलाय. त्याचा टेम्पो सकाली येतो. शिपाई बोलला, तवर मी कोंडवाड्याकडं बघनार न्हाय.”

तिने पुढचं सांगायची गरज नव्हती. मेलेल्या पारडाचं कातडं काढून, त्यात पेंढा भरून, शिवून म्हशीपुढे उभं करतात. म्हैस ते चाटते आणि दूध सोडते. सगळ्या गावाला हे माहीत होतं. फक्त कातडं काढणारा कोणी उरला नव्हता. वडिलांना येत होतं. लहानपणी आजोबांच्या हाताखाली ते शिकले होते, कारण तेव्हा ते शिकायचं की नाही हे कुणी विचारत नसे. मग छप्पन साल आलं, आजोबांनी सुरी खाडीत टाकली, आणि आमच्या वाड्याने गावाची मेलेली गुरं ओढायचं बंद केलं. त्यावर गावाने आमचं पाणी, पीठ, मजुरी सगळं बंद केलं. त्यात पुढाकार बाईच्या सासऱ्याचा होता. ती तेव्हा जन्मलेलीही नसेल, आणि होती दुसऱ्या गावची.

“तुज्या दिराला सांग ना,” वडील म्हणाले. “जत्रेला बकरा तोच सोलतो.”

“सांगितलं. तो बोलतो, आपलं काम न्हाय ते.”

वडील हसले. हसू फार वेळ टिकलं नाही.

“तुमाला येते म्हून आले, दादा. पाया पडते.”

“पाया नको पडू, वैनी. दुसरं कायपन सांग. येते म्हूनच न्हाय.”

आईने चहा आणला, कोरा. बाई पहिल्यांदा आमच्या ओट्यावर खाली बसली आणि तो प्यायली. कप पालथा घालायच्या आधी तिने विचारलं, “मग ते गोनपाट तरी? पारडी ज्याच्यावर मेली ते?”

ते आणायला वडील स्वतः गेले. मी बरोबर होतो. शिपायाने कुंपणावरून गोणपाट दिलं. पारडी कोपऱ्यात तशीच पडली होती. वडिलांनी तिकडे पाहिलं नाही असं नाही, बराच वेळ पाहिलं. घरी आल्यावर आई म्हणाली, “बाईचं घर हाय त्या म्हशीवर.”

“माज्या बापानं सुरी कशाला टाकली मग?”

“मी कुठं काय बोलली,” आई म्हणाली. त्या रात्री दोघंही जेवली नाहीत, एवढंच.

गोणपाटाने काम केलं. बाई ते म्हशीच्या तोंडासमोर खुंटीला टांगायची. म्हैस हुंगायची, चाटायची, घशातून हळू आवाज काढायची आणि दूध सोडायची. आमच्या घरी पुन्हा दूध येऊ लागलं. सरपंचांच्या घरीही. पण चाटून चाटून गोणपाटाला पारडीचा वास राहिला नाही, म्हशीच्याच जिभेचा लागला. म्हशीने एक दिवस ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. बाईने गूळ दिला, पेंड दिली, पाठ थोपटली, शिव्या दिल्या. शेवटी म्हैस आटली ती आटलीच.

सरपंचांनी तक्रार केली, की दूधवाल्या बाईने काही न कळवता दूध बंद केलं.

महिनाअखेरची सभा झाली. पारडीच्या लिलावाचा विषय पत्रिकेवर होता. तो वगळण्यात आला असं भिंतीतून ऐकलं. कलम मात्र वगळलं गेलं नाही. एका सदस्याने विचारलं, तेव्हा सरपंच म्हणाले, एका पारडीपायी कायदा बदलायला लागलो तर झालं मग. शेळीच्या तिसऱ्या पायाचंही त्या सभेत राहूनच गेलं.

बाईने पडघ्याच्या एका व्यापाऱ्याला म्हैस विकली. आटलेली म्हैस कोण कशाला घेतो, हे तिला ठाऊक होतं. टेम्पोत चढवताना ती तिथे थांबली नाही, आमच्याकडे येऊन आईला शेंगा सोलू लागली. पुढे त्याच खालच्या शेतातलं गोदाम उभं राहिलं आणि ती तिथे मालाच्या पेट्यांवर पट्ट्या चिकटवायच्या कामाला लागली. गावातल्या बऱ्याच बायका लागल्या. जिथे म्हैस पाण्यात बसली होती, साधारण तिथेच त्यांची जेवायची जागा होती. दूध आम्ही पिशवीचं घेऊ लागलो. वडील तेव्हापासून कोरा चहाच प्यायचे.

म्हैस गेल्यानंतर काही दिवसांनी शिपाई बाईकडे गेला होता. कोंडवाड्याच्या सामानाची तपासणी होती, एक गोणपाट कमी भरत होतं. तो तिच्याशी बोलताना मान खाली घालून उभा होता, असं आईने पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्ट उघडत असताना बाई कामावर जाता जाता आली. गोणपाट तिने स्वच्छ धुऊन, वाळवून, चार घड्या घालून आणलं होतं.

“धुवायची काय गरज होती गो,” शिपाई म्हणाला.

“वास येत होता ना,” ती म्हणाली, आणि शिफ्टला उशीर होईल म्हणून घाईने निघाली.